नवमीला धुतलेले शाफ्ट

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. करवती, पटाश्या, रंधे, वाकस, सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. यात माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते पूजेला कोण बसतं यावर. वर्षभर लेथवर मी उभी असते. भुसा माझ्या नाकात जातो, बोटं माझी सोलतात. आणि नवमीच्या आदल्या दिवशी पुण्याहून माझा धाकटा भाऊ येतो, सकाळी कडक इस्त्रीचा झब्बा घालतो आणि पाटावर बसतो. का, तर तो घरचा पुरुष. मी तेव्हा आत पुरण वाटत असते.

आमचं घर सुताराचं, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीतलं. माझं सासरही गावातच. नवरा एसटीत कंडक्टर आहे, त्यानं माझ्या कामाला कधी आडकाठी केली नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी जन्मभर पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या आणि लाटणी कातली. भाऊ शिकला, कंपनीत लागला, लेथकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. आबांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले, ती अजून तिथंच आहे.

मध्यंतरी धाराशिवात पूल खेळायचे क्लब निघाले. हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत गोळे आणि गोळ्याला टोला द्यायची लांब काठी, म्हणजे क्यू. एका क्लबवाल्यानं वाकलेली क्यू आमच्याकडं आणली आणि सरळ होईल का म्हणून विचारलं. आबा म्हणाले, असल्या उनाडांच्या काठ्यांना आपण हात लावत नसतो. मी मात्र ती ठेवून घेतली. उलटून पालटून बघितली. मागचा जाड भाग, त्याला बट म्हणतात, तो नुसता वजनाला आणि दिसायला. सगळा खेळ पुढच्या निमुळत्या भागाचा, शाफ्टचा. ती क्यू काही सरळ झाली नाही. पण मला नाद लागला तो लागलाच.

शाफ्ट करणं म्हणजे पलंगाचा पाय कातणं नव्हे. सोलापूरच्या वखारीतून परदेशी मेपलच्या पट्ट्या आणायच्या. त्यातली रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळणारी पट्टी निवडायची, गाठ दिसली की बाजूला. ती गोल करायची, पण जाड ठेवायची, आणि आढ्याला दोरीनं उभी टांगायची. आठवडे जातात. आतला ताण सुटला की लाकूड थोडं वाकतं. मग लेथवर चढवून पातळ साल काढायची, की परत टांगायचं. असं करत करत वर्ष जातं. शेवटी टोकापासून हातभर जाडी जवळजवळ एकसारखी ठेवायची, कारण तेवढा भाग खेळणाऱ्याच्या बोटांतून मागं-पुढं सरकतो. तिथून पुढं हळूहळू जाड. टोकाला पांढरी टोपी, टोपीवर कातड्याची टिकली. मधेच कुठं घाई केली की शाफ्ट नंतर वाकतोच, आज ना उद्या.

असेच शाफ्ट त्या वर्षी आढ्याला टांगलेले होते. त्यातला एक मी कुणासाठी तरी धरून ठेवला होता.

ती पोरगी तेर गावची. धाराशिवात कॉलेजला यायची आणि दुपारी क्लबात पोरांची गर्दी नसायची तेव्हा खेळायची. मी तिचा खेळ बघितलाय. बोलायला मुखदुर्बळ, पण टेबलावर वाकली की अशी स्थिर व्हायची की बघणाऱ्यानंही श्वास धरावा. दिवाळीनंतर सोलापुरात राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. तिचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं, आणि घरचेही खेळू देणार नव्हते, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं. तिचा जुना शाफ्ट सांध्यापाशी चिरला होता. क्लबातल्या क्यूपेक्षा नुसत्या बांबूच्या काठ्या बऱ्या. मी म्हटलं, काळजी करू नको, तुझा शाफ्ट टांगलाय. आता फक्त शेवटची साल काढायची राहिली होती.

नवमीच्या सकाळी मी पुरण शिजायला टाकून बाहेर आले, तर अंगणात पत्र्यावर माझे सगळे शाफ्ट ओळीनं उन्हात पडलेले.

भावानं ते नळाखाली धुतले होते. घासून घासून. मग चांगलं कडक ऊन बघून वाळत घातले. अर्धे वाळल्यावर त्यांना तेल चोळलं, तालमीतल्या लाठीला चोळतात तसं. आणि प्रत्येकाला मधोमध हळदीकुंकवाची बोटं. वर त्यानं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं होतं, परंपरा जपल्याबद्दल. अरे मुडद्या, परंपरा काय असते ते तरी ठाऊक आहे का तुला? वर्षभर ज्या लाकडाला मी पाण्याचा थेंब लागू दिला नाही, पावसाळ्यात दारं लावून घेतली, त्याला तू आंघोळ घातलीस?

मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या, तरी थांबले नाही. भाऊ खरंच गोंधळला होता. त्याला वाटलं होतं, मी खूष होईन. तो म्हणाला की दुकानातलं एकही लाकूड त्यानं सोडलं नाही, सगळ्याला देवाचा हात लागला. आणि काठ्याच आहेत त्या, परत करता येतील.

मी आबांकडं बघितलं. मला वाटलं, निदान या माणसाला समजेल, लाकडात जन्म गेलाय याचा. आबा ओट्यावरून म्हणाले, "देवाच्या कामात झालंय, अक्का. राग धरू नगंस."

मला घरात अक्काच म्हणतात, मोठी म्हणून. मोठेपणाचं एवढंच मिळालं.

दुपारपर्यंत शाफ्ट वाकले. काचेवर ठेवून गडगडवला की मधे उजेड दिसायचा, टोक टुणटुण उडायचं. मी काचपेपर मारून बघितला, तेल रेषेत आत गेलेलं, निघेना. साल काढावी तर जाडी उरत नव्हती. सगळे गेले. भाऊ त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेला, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन.

ती पोरगी ठरल्या दिवशी एसटीनं आली. मी शाफ्ट काचेवर गडगडवून दाखवला. काय झालं ते सांगितलं. तिनं तो स्वतः एकदा गडगडवून बघितला. मग म्हणाली, "जरा वाकडा असला तरी चालंल मला, अक्का. म्या सांभाळून घेईन."

हे ऐकून तर माझा जीव जळून कोळसा झाला. राज्याच्या निवडीला निघालेली पोर, आणि वाकड्या काठीला सांभाळून घेते म्हणते! मी तिला तो दिला नाही. वखारीतून एक पट्टी आणवली, त्यातल्या त्यात वाळलेली, आणि टांगायला वेळ नसताना एका दमात कातून दिली. देताना सांगितलं, हा घाईचा आहे, यावर फार भरवसा ठेवू नको. ती व्हय म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

सोलापूरला मी तिच्याबरोबर गेले. हॉलमध्ये एसी असा की अंगावर काटा यावा. पहिले सामने ती जिंकली. संध्याकाळच्या आत लाकडानं आपला गुण दाखवला. बाहेरच्या ओलीतून कोरड्या गारठ्यात आलेला शाफ्ट टोकाकडं वाकायला लागला. ती खेळता खेळता तो हातात फिरवून वाक खाली कुठं येतो ते शोधत होती. मला खुर्चीवरून ते दिसत होतं, आणि मी काहीही करू शकत नव्हते. शेवटच्या डावात काळा गोळा तेवढा राहिला होता. लांबचा शॉट, पण तिच्या हातातला. गोळा भोकाच्या कडेला लागून बाहेर आला. समोरच्या पोरीनं तो सहज घातला.

येताना बसमध्ये तिनं क्यू मांडीवर आडवी धरली होती. ती रडली नाही. तिचा उतरायचा थांबा आला तेव्हा येते म्हणाली आणि उतरली.

घरी आले तर आबा ओट्यावर. काय झालं म्हणून विचारलं. हरली, म्हटलं. ते म्हणाले, जाऊ दे, खेळच तर होता.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी आबांना जन्मात उलट बोलले नव्हते. "आबा, तुमच्या पोराची बारावीची उत्तरपत्रिका कुणी धुऊन पत्र्यावर वाळत घातली असती, तर देवाच्या कामात झालं म्हनला असता का तुमी? पाटावर त्यो बसनार, अन् धुतलेलं आमी भोगायचं?"

 मी चपला काढल्या, पाय धुतले, आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले. बाहेर आले तर आबा दुकानात गेले होते. आढ्याखाली उभे राहून वर मोकळ्या दोऱ्यांकडं बघत होते.  मला बघून म्हणाले, "त्या पोरीचं काय आता?"

त्या पोरीचं पुढं काय, असं त्यांनी तोवर एकदाही विचारलं नव्हतं. मी दिवसभर भांडायच्या तयारीत होते, भावासाठी, आबांसाठी, त्या पाटासाठी माझ्याकडं शिव्या तयार होत्या. पण तिचं वय निघून गेलं होतं, आणि ते मला लेथवर चढवता येत नव्हतं.