सहा ते सात मी घरात नसतो

मुलाने घराला माझं वेळापत्रक शिकवलंय. त्याच्या फोनमधल्या कॅलेंडरवर ‘बाबा फिरायला, सहा ते सात’ अशी रोजची नोंद आहे. तेवढा वेळ हॉलमधला दिवा आणि पंखा आपोआप बंद राहतो.

काल गुडघा दुखत होता म्हणून मी गेलोच नाही. सहाला पंखा मंदावत थांबला, दिवा विझला आणि हातातल्या पेपरची अक्षरं हळूहळू दिसेनाशी झाली. बटण हाताजवळच होतं, पण ते दाबायला काही धजलो नाही. घराच्या लेखी मी बागेत तिसऱ्या फेरीवर असणार. मग या खुर्चीत कोण बसलंय? खोकला आला तोही गिळला. मी नसताना घर असं दिसतं तर. टीपॉय, चष्म्याचं घर, भिंतीवरचं घड्याळ, कुणाचंच काही अडलं नव्हतं. चपला तेवढ्या दाराशी होत्या, पण त्यांचं ऐकावं की दिव्याचं, कळेना.

सातला दिवा लागला. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, “आलात का? चहा टाकते.”

“आलो,” मी म्हणालो. आणि का कोण जाणे, उठून पाय धुवायला गेलो.