बिनखांबी देवळाचे फादर

आमचे फादर कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघत. खाटेवर आजारी माणूस, उशाशी मेणबत्ती, बायका हातात जपमाळा घेऊन उभ्या, आणि फादर वर बघताहेत. नवख्या माणसाला वाटे, काय ही भक्ती! नजर थेट स्वर्गाकडे! आम्हाला माहीत होतं की ते ओल बघताहेत. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून झालं, प्रार्थना आटोपली, की दारात चपला घालता घालता ते घरधन्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि हळूच सांगत, "आई सुधारतील. कोपऱ्यातली ती भेग मात्र वेळेत बघून घ्या." आई काही वेळा सुधारत नसत. भेगेचं निदान मात्र कधी चुकलं नाही.

गाव त्यांना बिल्डर फादर म्हणे. आमच्या वसई-नालासोपाऱ्याकडे बिल्डर म्हटलं की माणसाच्या तोंडाची चव कशी बदलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना मात्र ते नाव आवडायचं. "बिल्डर पळून जातो, माझी बदली होते. एवढाच फरक," असं ते हसत हसत म्हणत. यातलं हसू सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी दोन गावांत देवळं उभी केली होती. (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) दोन्हीकडे फरशी बसण्याआधी बदलीचा हुकूम आला. जुनं देऊळ पाडलं की नवं होईपर्यंत रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, शाळेच्या पटांगणात मांडव घालून करायची असते. त्यामुळे फादरांची उमेदीची बरीच वर्षं मांडवात गेली. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "मी देवळं बांधतो आणि मिस्सा मांडवात करतो. एकदा तरी आपण बांधलेल्या देवळात, आपल्या माणसांसमोर मिस्सा करावी, एवढी एक हौस राहिली आहे बघ." आणि लगेच कप खाली ठेवून म्हणाले, "साखर जास्त झाली."

मी बांधकाम समितीवर होतो. माझी पात्रता अशी की, मी नुकतंच घर बांधलं होतं आणि त्या घरात न्हाणीतलं पाणी बैठकीच्या खोलीत येत असे. समितीची नावं ठरत होती तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि सभेत खसखस पिकली. फादर गंभीरपणे म्हणाले, "घ्या त्याला. काय करू नये, हे एका तरी सभासदाला ठाऊक हवं." माझी बायको आजही पाहुण्यांना ही हकिगत सांगते. पाहुणे हसतात, आणि पाय वर घेऊन बसतात.

जुनं देऊळ गावाच्या आज्यापणज्यांनी बांधलेलं. कौलारू छप्पर, जाड भिंती, आणि मध्ये दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले जाडजूड खांब. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. कुठल्या वाडीतल्या कुठल्या घराने कुठे बसायचं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण कुणी चुकतही नसे. आमचं घराणं पुरुषांच्या बाजूच्या दुसऱ्या खांबामागचं. आजोबा तिथे बसत, मग माझे मोठे काका, इनासकाका, आणि त्यांच्या शेजारी मी. खांबामागे बसण्याचे फायदे तिथे बसणाऱ्यालाच कळतात. गुडघे टेकून कपाळ खांबाला लावलं की माणूस भक्तीत बुडालाय की झोपेत, हे देवाखेरीज कुणाला कळायचं नाही. त्या खांबावर कपाळाच्या उंचीला खोबरेल तेलाचा एक काळपट गोल पडला होता. दर नाताळाआधी त्याच्यावर चुना मारत आणि ईस्टरपर्यंत तो पुन्हा वर येई. त्यात थोडाफार वाटा माझाही होता.

अशा देवळात एका रविवारी फादरांनी नव्या देवळाचा थर्माकोलचा नमुना आणून ठेवला. उघडलेल्या हातपंख्यासारखा आकार. टोकाशी वेदी, तिच्यापासून बाकांच्या रांगा गोलाकार पसरत गेलेल्या. छप्पर मागून ठेंगणं आणि वेदीकडे चढत गेलेलं, आणि वेदीच्या डोक्यावर एक उभी फट, जिच्यातून उजेड तेवढा खाली येणार, खिडकी दिसणार नाही. भिंतींना जाळ्या. घंटेचा मनोरा बाजूला, अंगणात एकटा. कुणी म्हणालं सिनेमागृह आहे, कुणी म्हणालं कलिंगडाची फोड आहे. इनासकाकांनी मोबाइलची बॅटरी लावून नमुन्यात डोकं घातलं आणि बराच वेळ शोधाशोध केली.

"फादर, खांब चिकटवायचे राहिलेत."

"राहिले नाहीत, इनासभाऊ. खांब नाहीतच."

"मग छप्पर कशावर?"

"वर तुळया. तुळया भिंतींवर."

"आणि माणूस?"

"माणूस बाकावर."

"ते कळलं हो. टेकायचं कशाला?"

फादरांचं म्हणणं सरळ होतं. माणिकपूरच्या बाजूने इमारती आमच्या वाड्यांपर्यंत येऊन ठेपल्या होत्या. तिथली मंगळूरची, गोव्याची, केरळची माणसं रविवारी आमच्या देवळात येत आणि आत जागा नसल्याने बाहेर बदामाच्या झाडाखाली उभी राहत. आत बोलावलं तर त्यांच्या वाट्याला खांबच येणार. "वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे. शेवटच्या बाकावरच्यालाही. नाहीतर बांधायचंच कशाला?" असं ते म्हणत, आणि इनासकाका उत्तर देत, "मिस्सा ऐकायची असते, फादर. दिसायचं काय त्यात?" काकांच्या मागे सगळी खांबामागची घराणी उभी राहिली. निदान दोन खांब तरी हवेत, शोभेला का होईना, अशी मागणी आली. मग पुढे दर्शनी भाग जुन्यासारखाच हवा, अशी आली. सभा होत, चहा होई, भजी होत, आणि निर्णय पुढच्या सभेवर जाई. मी समितीचा सभासद आणि खांबाचाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मान हलवत असे. यात एक अख्खं वर्ष गेलं. फादर चिडले नाहीत. फक्त सभा संपल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

एका रविवारी त्यांनी मिस्सा सहायक फादरांवर सोपवली आणि स्वतः येऊन आमच्या बाकावर, काका आणि मी यांच्या मध्ये बसले. शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "तुम्ही इकडे कसे, फादर?"

"इथून काय दिसतं ते बघायला."

"मग? काय दिसलं?"

"दिसलं काहीच नाही. तुमचं घोरणं मात्र स्वच्छ ऐकू आलं."

काका हसले, पण हटले नाहीत. हटवलं त्यांना काकीने. पुढच्या सभेत ती एकदम उभी राहिली. आजवर ती सभेत उठली होती ती फक्त चहाचे कप गोळा करायला. ती म्हणाली, "बायकांच्या बाजूलाही तसाच खांब आहे, अहो. लग्नाच्या दिवशी पुढे उभी होते, तेव्हा काय ती वेदी मला नीट दिसली. त्यानंतर आजपर्यंत खांब बघतेय. पोरांचे बाप्तिस्मे झाले, मी खांब बघितला. आता मेल्यावरच पुढे नेणार का मला?" ती हे आमच्या घरच्या बोलीत म्हणाली होती आणि तिथे ते जास्त लागलं होतं. पण मी ती बोली लिहायला बसलो की घरातले सगळे माझ्यावर हसतात, म्हणून पुस्तकी भाषेत सांगतो. काका म्हणाले, "काढा खांब."

काम सुरू झालं आणि फादरांच्या अंगावरचा पांढरा झगा राखाडी झाला. प्रवचनात सिमेंट आलं. "स्लॅबला पाणी आणि बायकोला दोन गोड शब्द, रोज द्यायचे. एक दिवस चुकला तर भेग आज दिसणार नाही, दहा वर्षांनी दिसेल," असं ते मांडवातून सांगत आणि बायका नवऱ्यांकडे बघत. स्लॅब पडला तेव्हा पाणी मारायच्या पाळ्या वाड्यांनी वाटून घेतल्या. केळीला पाणी लावण्यात आमचा जन्म गेलेला. स्लॅब भिजवणं म्हणजे काय मोठं? पण छप्पर उतरतं, पाणी ठरेना. इंजिनीअरने गोणपाटं अंथरून ती ओली ठेवायला सांगितली होती. इनासकाकांना ते पटलं नाही. त्यांनी घमेल्यांनी वाडीतली माती वर चढवली आणि उतारावर बांध घालून एकाखाली एक असे झकास वाफे पाडले. पाणी ठरलं. गाव खूश. मी खाली उभा राहून समितीच्या वतीने समाधान व्यक्त केलं.

आठवडाभराने इंजिनीअर वर गेला. देवळाच्या छपरावर लाल माठ उगवला होता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"माठ," काका म्हणाले.

"ते दिसतंय मला. इथे कसा?"

"आम्ही पेरला नाही. वाडीतली माती आहे, तिला सवय आहे."

पन्हळीत चिखल बसून पाण्याची वाट तुंबली होती, ती मोकळी करायला गडी लावावे लागले. इंजिनीअर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. फादरांनी मात्र माठ खुडून घेतला आणि लसणाची फोडणी देऊन त्याची भाजी करवली. इंजिनीअरला, काकांना आणि मला जेवायला बसवलं. "देवळाचं पहिलं पीक," म्हणाले. भाजीत थोडी कचकच होती.

मे महिन्यात बदल्या जाहीर झाल्या. छप्पर झालं होतं, जाळ्या बसल्या होत्या. फरशी नव्हती, दारं नव्हती, वेदीचा दगड अजून आला नव्हता. एक वर्ष कमी पडलं. कुठलं वर्ष, ते सभेत कुणी बोललं नाही. इनासकाकाच शेवटी उठले. "आपण बिशपांकडे जाऊ. मुदत मागू."

"नाही," फादर म्हणाले. "बदली आली की पिशवी उचलायची. मला दुसरं येत नाही."

"मग जाण्याआधी एक मिस्सा करा आत. फरशी नाही तर नाही. आम्ही मातीतलीच माणसं."

मोह फादरांना पडला होता, हे समोर बसलेल्या माझ्यासारख्यालाही दिसत होतं. मग म्हणाले, "इनासभाऊ, वेदीचा अभिषेक होईल, बिशप पहिली मिस्सा करतील, ते देऊळ. त्याआधी मी घाईने उरकली तर ती माझी हौस झाली. मिस्सा नव्हे."

आमच्याकडे फादरांना नव्या गावी पोचवायला अख्खं गाव जातं, मुलीची पाठवणी असावी तसं. बस, टेम्पो, मोटारसायकली निघाल्या. केळीचे घड, नारळ, भाज्यांच्या पाट्या सोबत. त्यांना तिथल्या लोकांच्या हवाली करून आम्ही जेवून परत आलो. येताना बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही.

फादर त्यानंतर आमच्या गावात आले नाहीत. नव्या देवळाचं उद्घाटन झालं, वर्षाचा सण झाला, दरवेळी मी फोन केला, दरवेळी त्यांच्याकडे काहीतरी निघालं. शेवटी एकदा म्हणाले, "अरे, जुनी सासू सारखी दारात डोकावली तर नव्या सुनेने संसार कधी करायचा? तुमच्या नव्या फादरांना सुखाने राहू दे." उद्घाटनाला काकी तासभर आधी जाऊन पहिल्या बाकावर बसली. काका शेवटच्या बाकावर बसले. बदामाच्या झाडाखाली कुणी उभं नव्हतं.

मग काका आजारी पडले. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी मला म्हणाले, "माझ्या मयताची मिस्सा बिल्डर फादर करतील. सांग त्यांना."

"येत नाहीत ते, काका."

"येतील. त्यांचं एक वर्ष माझ्याकडे राहिलंय."

काका गेले तेव्हा मी फोन केला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. फादरांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

ते एकटेच आले, रिक्षाने. आमचे नवे फादर त्यांना दारापर्यंत सामोरे गेले आणि त्यांच्या हातात मिस्सेला घालायची वस्त्रं देऊन स्वतः बाजूला झाले. काकांची शवपेटी वेदीसमोर, बरोबर मध्ये ठेवली होती. वरच्या फटीतून सकाळचा उजेड तिच्यावर पडला होता. कुठल्याही बाकावरून दिसत होती. फादर प्रवचनाला उभे राहिले. म्हणाले, "इनासभाऊ जन्मभर मागे बसले. आज मी त्यांना पुढे आणलंय, तर झोपलेतच." काकी पदर तोंडाला लावून हसली आणि तशीच रडत राहिली.

मी चौथ्या रांगेत होतो. माझ्यासमोर कुणी नव्हतं, काही नव्हतं, म्हणून मला एक गोष्ट दिसली. मांडवात वारा असतो. मिस्सेच्या पुस्तकाची पानं उडतात, म्हणून तिथे फादर लोक एका हाताने पान दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने सगळं करतात. नव्या देवळात त्या सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. तरी पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत फादरांचा डावा हात पुस्तकावर घट्ट दाबलेला होता.