आधी शाई दाखवा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर माझं लपवलेलं फरसाणही वाचत नाही! तुम्ही जवळचे वाटता म्हणून सांगतो. हसू आलं तर हसा, मलाही येतं. पण शेवटपर्यंत ऐका.

मी सायली गावात कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात आहे, राहायला डोकमर्डीत. मूळचा अमळनेरकडचा. तोंडाने जरा जास्तच — राजकारण निघालं की माझा चहा गार होतो. आधीच्या एका लोकसभेला मी आमच्या चाळीत टूम काढली. जे निवडून येतील त्या साहेबांना अंगणात बोलवायचं. साहेब उभे, मतदार खुर्चीवर! आजवर त्यांनी बसायचं आणि आपण हात जोडून उभं राहायचं — कुणी ठरवलं हे उलटं? मालक कोण, नोकर कोण? लोकांना भलतंच आवडलं. वर मीच एक नियम जोडला. ज्याच्या बोटाला शाई त्यालाच खुर्ची, त्यालाच प्रश्न. बाकीच्यांनी मागे गप उभं राहायचं. टाळ्या पडल्या, माझी छाती फुगली.

मतदानाच्या दिवशी कारखान्याला सुट्टी. सकाळपासून मी दारोदार — उठा, चला, निघा! अख्खी चाळ रांगेला लावली. मी मात्र दुपारी जातो म्हटलं, तेवढी गर्दी ओसरेल. बायको मत देऊन परस्पर वापीला भावाकडे जाणार होती. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी करून ठेवली होती. जेवलो. जरा आडवा झालो —

हो. झोपलो. उठलो तेव्हा केंद्र बंद झालं होतं.

सरळ सांगता आलं नसतं का? आलं असतं की. लोक चार दिवस हसले असते. पण एवढी तोंडाची वाफ दवडलेली! रंगखात्यातला माणूस मी. घरात बाटलीच्या तळाशी रंग होता; काडीने डाव्या तर्जनीवर ओढली रेघ, नखासकट. खऱ्याहून खरी दिसली. फिकी पडली की पुन्हा ओढायचो. जाम खूश होतो — हेही कबूल करतो.

एवढंच असतं तर मी सांगत बसलो नसतो.

सभा झाली, आणि काय झाली म्हणता! साहेब खरंच आले, खरंच उभे राहिले, रुमालाने मान पुसत उत्तरं देत राहिले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी खुर्चीत मांडी ठोकून जाब विचारला. मी पहिल्या रांगेत.

तेवढ्यात मागून सुनीता पुढे आली. शिरपूरकडची, खडोलीला धाग्याच्या कंपनीत कामाला. तिचं नाव अजून गावच्या यादीत होतं, आणि मत द्यायला गावी जायची सुट्टी तिला मिळाली नव्हती. "भाऊ, माले एकच गोट सांगनी शे," म्हणाली. कोणती, ते मला ठाऊक होतं. कंपनीतून बायकांची शिफ्ट सुटायची तेव्हा अंधार झालेला असायचा, आणि बसथांब्यापासून चाळीपर्यंत एक दिवा नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी एक माणूस तिच्या मागे लागला होता. धावत आली होती बिचारी. आणि मी — काय केलं मी? ते रंगवलेलं बोट वर करून मोठ्याने म्हणालो, "ताई, आधी शाई दाखवा!"

सगळे हसले. तीही हसली आणि मागे गेली. दिव्याचं कुणीच बोललं नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायका अंधारातूनच येत राहिल्या — घोळका करून, मोठमोठ्याने गाणी म्हणत. मला घरात ऐकू यायचं. गाणी का म्हणतात, तेही कळायचं.

पुढच्या खेपेला सुनीताने आपलं नाव इथे आणलं, मैत्रिणींचीही आणली. मीही सकाळीच रांगेत होतो — पण ते सोडा, त्याने काय होतं? सभेला पुढच्या खुर्च्या बायकांनी भरल्या. सुनीताने विचारलं, आणि साहेबांना तिने त्या रस्त्याने चालवत नेलं! दिवे लागले. अहो, काय दिवाळी केली आम्ही! ढोल वाजले, मी नाचलो, अगदी मनापासून नाचलो.

सुनीता पेढे घेऊन आली. सगळ्यांसमोर म्हणाली, भाऊंनी त्या दिवशी मला गप केलं म्हणून मी इथली मतदार झाले. मग पहिला पेढा तिने माझ्या हातावर ठेवला. लोक टाळ्या वाजवत होते. मी तो खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला.