कोऱ्या पानांची झेरॉक्स

बारावी सायन्सला सगळ्यात अवघड विषय कोणता, असं आमच्या मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये कधीमधी निघतं. कोणी फिजिक्स म्हणतं, कोणी ऑरगॅनिक केमिस्ट्री. मी म्हणते, इंग्रजी. पोरं हसतात, त्यांना वाटतं ताई गंमत करते आहे. मेसमध्ये मी ते पुढे वाढवत नाही, कारण सांगायला बसले की माझा आवाज चढतो.

माझ्याकडे पुरावा आहे. बोर्डाकडून रीतसर अर्ज करून मागवलेली माझ्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. तिच्या कितीतरी पानांवर प्रश्नाचा क्रमांक आहे, खाली काही नाही, आणि तपासणाऱ्याने वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली आहे. कोऱ्या पानांची झेरॉक्स मागवणारी मी पहिलीच नसेन, पण शहाण्यांच्या यादीत माझं नाव नक्की नाही.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या पुढे, तलावाच्या काठाला. बाबा तलावात मासे धरतात, आई धानाच्या बांधीत कामाला जाते. मला दहावीला बरे मार्क पडले आणि गावाने त्याच दिवशी मला डॉक्टर करून टाकलं. नाव घातलं वडशाच्या ज्युनिअर कॉलेजात, राहायला मात्र मी चंद्रपूरला, नीटच्या क्लासजवळ, चार मुलींच्या खोलीत. कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला तोंड दाखवायचं. सगळे तसंच करत होते. बाबांनी एकच सांगितलं होतं, दोन वर्षं देतो, तिसरं मागू नको. माझ्यामागे दोन वर्षांनी लहान बहीण होती, आणि दोघींना एकाच वेळी शहरात ठेवणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. मी निघाले की त्या खोलीत तिची पेटी येणार, हे ठरलेलं होतं. तिने पेटीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता.

क्लासचे सर बाहेरून आलेले, हिंदीत शिकवायचे. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा, कोरं सोडलं तर शून्य. म्हणून त्यांचा एकच मंत्र होता, नहीं आता तो छोड़ दो. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी कोणाचे किती वजा ते नाव घेऊन वाचून दाखवायचे. ज्याचे वजा जास्त, तो तासभर उभा. पहिल्या महिन्यात मी दर सोमवारी उभी असायची. दुसऱ्या वर्षी माझे वजा सगळ्यात कमी होते. थोडी जरी शंका आली तरी माझा हात आपोआप पुढच्या प्रश्नावर जायचा. सर मला शाबासकी द्यायचे, या मुलीकडून शिका म्हणायचे.

वडशाच्या कॉलेजचे इंग्रजीचे सर वेगळेच होते. हिवाळा लागला की ते झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे, रात्रभर स्टेजवर आणि सकाळी कॉलेजात. वर्गात बसल्या बसल्या डुलक्या घेतात म्हणून आम्ही त्यांची टिंगल करायचो. त्यांनी मला दोनदा फोन केला, शनिवारी येत जा, पेपरात आता स्वतःच्या मनाचं लिहावं लागतं, गाईड पाठ करून भागत नाही. मी म्हटलं, सर, इंग्रजीचे मार्क नीटमध्ये धरत नाहीत.

"धरत नाई," ते म्हणाले, "पन मेडिकलले जाले इंग्रजीत पास व्हा लागते ना, बाई?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. इंग्रजीत कोण नापास होतं, असं आम्हा चौघींचं पक्कं मत होतं. आमची मतं तेवढीच.

बोर्डाचा पेपर हातात आला. उताऱ्यावरचे सरळ प्रश्न सुटले. व्याकरण सुटलं. मग सुरू झालं, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तुमचा एखादा अनुभव सांगा. या विचाराच्या विरुद्ध बाजूने मत मांडा. कवितेत तुम्हाला काय आवडलं? खाली चार पर्याय नाहीत. दोन वर्षं मी चारांतून एक निवडत आले होते. मनात एक वाक्य जुळायचं, लगेच शंका यायची, हे बरोबर आहे का, आणि हात उचलला जायचा. प्रश्नाचा क्रमांक लिहायचा, थोडा विचार करायचा, पान उलटायचं. अर्धा तास आधी पेपर देऊन बाहेर आले आणि मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं की मी काहीही चुकीचं लिहिलेलं नाही. ते खरंच होतं.

मे महिन्यात निकाल लागला. बाकी सगळ्यात चांगले मार्क. इंग्रजीत शंभरपैकी सत्तावीस. त्यात तोंडीचे होते म्हणून तेवढे तरी. जूनमध्ये नीटचा निकाल लागला आणि मार्क असे आले की सरकारी कॉलेजची सीट हातात होती. चंद्रपूरच्या चौकात क्लासने फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो, हार्दिक अभिनंदन. वर भावी डॉक्टर, खाली मी बारावी नापास, रस्त्याच्या कडेला ऑटोची वाट पाहत उभी. क्लासच्या सरांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, इंग्लिश में कोई फेल होता है क्या? मग रिपीटर बॅचची चौकशी करून जा म्हणाले. क्लासच्या भिंतीवर रंगवलेला त्यांचा मंत्र मला नखांनी खरवडून काढावासा वाटला.

जुलैत पुरवणी परीक्षा होती. मी वडशाला इंग्रजीच्या सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. टोमणे ऐकायची तयारी करून गेले होते, पण त्यांनी चहा दिला, एक विषय सांगितला आणि समोर कागद ठेवला. मुलांनी घरकाम करावं का, तुझं मत लिही. मी गाईडमधला परिच्छेद घडाघडा उतरवला.

"हे कोनाचं मत आहे?"

गाईडचं, मी म्हटलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. मी त्याकडे अर्धा तास पाहत बसले. खरं सांगते, मला मतच नव्हतं. पाच वर्षांची असल्यापासून मी घरात काम करते आहे, पाणी भरलंय, मासळी साफ केलीय, बहिणीला कडेवर घेतलंय, आणि त्याबद्दल मला काय वाटतं हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

सर म्हणाले, तुह्या बाबाले जाळं कुठी टाकाचं हे कोन सांगते? कोणी नाही, त्यांचं तेच ठरवतात, मी म्हटलं. चुकते का कधी? रोजच चुकतात, मी म्हटलं, एखाद दिवशी जाळ्यात नुसतं शेवाळ येतं.

"मंग ते जाळं घरी ठेवते का?"

मग त्यांनी नाटकातलं सांगितलं. स्टेजवर वाक्य विसरलं तर गप्प उभं राहायचं नसतं. समोर हजार माणूस बसलेलं असतं. जे सुचेल ते बोलायचं, पुढचं पुढे जुळतं. "गप राह्यला तं पब्लिक शिट्ट्या मारते," ते म्हणाले. "चुकीचं बोलला तं अर्ध्या लोकाइले समजत बी नाई."

महिनाभर मी रोज त्यांच्या ओसरीवर बसून मतं लिहिली. भंगार इंग्रजीत, पण माझी. पहिल्या आठवड्यात दर ओळीला डोकं दुखायचं. फिजिक्सने मला इतकं कधी छळलं नाही. फिजिक्सला निदान माझ्याकडून काही नको होतं.

पुरवणीचा पेपर मी शेवटच्या मिनिटापर्यंत लिहिला. एकही पान कोरं ठेवलं नाही. मार्क पडले अठ्ठेचाळीस. पण निकाल यायच्या आधीच मेडिकलच्या प्रवेशाची नोंदणी संपली होती. फॉर्मसोबत बारावी पासची मार्कशीट जोडायची होती आणि ती माझ्याकडे नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्कांची खोलीतली मैत्रीण बॅग भरून गेली. मी इंग्रजीच्या सरांना सांगायला गेले, तर त्यांनी उगाच धीर दिला नाही. तुह्यं वर्ष गेलं, हे खरं आहे, एवढंच म्हणाले.

पण वर्ष माझं गेलं नाही. त्या उन्हाळ्यात माझी बहीण दहावीला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली होती. मी बाबांकडे तिसरं वर्ष मागितलं. बाबा जाळं विणत होते, मान वर न करता विणत राहिले. बहीणच म्हणाली, जाऊ द्या तिले. मी चंद्रपूरला त्याच खोलीत परत गेले आणि तिने वडशाला आर्ट्‌सला नाव घातलं, गावातून येऊन-जाऊन. सायन्सचं ती पुन्हा बोलली नाही. रंग दिलेल्या पेटीत आई आता धान्य ठेवते.

पुढच्या वर्षी मला सीट मिळाली. त्यानंतर ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे, आणि दर वेळी दोष कोणाचा तर क्लासचा, बोर्डाचा, त्या पेपर काढणाऱ्याचा. सांगताना मी छान तापते. बहिणीला मात्र कधी सांगितली नाही. तिला काय सांगायचं, तिच्यासमोरच सगळं घडलं होतं.

मागच्या सुट्टीत घरी होते. तिसऱ्या वर्षाला आहे मी, म्हणजे डॉक्टर नाही, पण हे गावाला कोण समजावणार? सकाळी शेजारची काकू सुनेला घेऊन आली. सुनेला सातवा महिना. पाय सुजलेले, बोटातली अंगठी निघत नव्हती, दोन दिवसांपासून डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे मधूनच चमकतं म्हणाली. आरोग्य केंद्राची सिस्टर गुरुवारी गावात येणार होती, त्या दिवशी सोमवार. गुरुवारपर्यंत थांबावं की आजच गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यावं, असा काकूचा प्रश्न होता. घरातली माणसं धानाच्या रोवणीला गेलेली, जीप बोलवायची म्हणजे सगळं काम मोडणार.

"तू शिकून राह्यली ना," काकू म्हणाली. "तुले काय वाटते ते सांग."

माझ्या हातात बीपी मोजायचं यंत्रही नव्हतं. मेडिकल कॉलेजच्या एका सरांना फोन लावला, लागला नाही. तो जुना हात मला ओळखू आला, पान उलटायला निघालेला. चुकले तर रोवणीचा दिवस फुकट जाईल आणि गावभर हसं होईल. इथे चुकीला वजा होताच. पण गप्प बसले असते तर तोही वजाच होता, आणि तो माझ्या खात्यात पडणार नव्हता.

"आजच न्या," मी म्हटलं. "आताच."

बहिणीने जीपवाल्याला फोन केला. संध्याकाळी काकूचा निरोप आला, बीपी फार वाढलं होतं, भरती करून घेतलं, इंजेक्शन दिलं, सून आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक आहेत. मी आणि बहीण चुलीपाशी बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती.

"तुले पक्कं माहीत होतं?" तिने विचारलं.

नाही, मी म्हटलं. काकूने विचारलं म्हणून सांगितलं.

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "हेच तवा केलं असतं तं."

इतक्या वर्षांत ती यावर पहिल्यांदा बोलली होती. क्लास, बोर्ड, पेपर, सगळं माझ्या तोंडात आलं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "चूक माही होती. वर्ष तुह्यं गेलं."

तिने सूप खाली ठेवलं. तांदूळ धुवून पातेल्यात टाकले, पाणी मोजून ओतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, कांदा चिर.