नाकमुरड्यांची दमट खोली

गल्लीत त्यांना सगळे नाकमुरडे म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत ते जुनी व्हायोलिनं दुरुस्त करत, आणि त्या खोलीतल्या ओलीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पेट्यांच्या मखमलीवर पांढरी बुरशी, ॲप्रनला आंबूस वास, भिंतीला हात लावला की बोटांना काहीतरी बुळबुळीत लागायचं. शी! दमटपणा मोजायच्या तबकडीचा काटा पन्नाशीच्या आसपास हवा, तर तो मेला सत्तरवर ठाण मांडून बसलेला. संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या व्हायोलिनची पाठ तिसऱ्यांदा उकलली, तेव्हा त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

मग त्यांनी कंबर कसली. खिडकीच्या फटी बुजवल्या. बायकोचे ओले कपडे हद्दपार केले, पाठोपाठ चहाची किटली. ओल शोषणारे निळे खडे आणले. ते पाणी पिऊन गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे. बायको तो तवा स्वयंपाकघरात येऊ देईना, म्हणून रोज सकाळी खोलीचं दार लावून तिथेच विजेच्या शेगडीवर भाजायचे.

काटा ढिम्म हलेना. आता उरली ताई. त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती याच खोलीत खिडकीशी विणत बसायची. एक दिवस नाकमुरडे तिच्यावर खेकसले, "तुझ्या श्वासानंसुद्धा ओल वाढते इथं! किळस आलीय मला."

ताईनं लोकर गोळा केली आणि खुर्ची जिन्याखाली नेली. चहा मात्र तीच आणून द्यायची. कप ठेवायची आणि आल्या पावली परतायची. काही विचारलं तर नुसती मान हलवायची. अबोला धरलाय, धरू दे, असं म्हणून नाकमुरड्यांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

ताई खोलीबाहेर गेली तरी काटा सत्तरवरच. पुढे एकदा दिवसभर वीज नव्हती, खडे भाजायचे राहिले. संध्याकाळी बघतात तर काटा बावन्नवर! दुसऱ्या दिवशी वीज आली, त्यांनी हौसेनं खडे भाजले आणि पाहता पाहता खिडकीच्या काचेला घाम फुटला. काटा सत्तरवर. खड्यांनी प्यायलेलं पाणी ते रोज स्वतःच्या हातानं त्याच बंद खोलीत परत सोडत होते.

आजवर बुरशीची आली नसेल इतकी शिसारी त्यांना स्वतःची आली.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. आज त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. उंबरठ्याबाहेर ती थबकली, छाती भरून श्वास घेतला, ओठ घट्ट मिटले आणि मगच आत पाऊल टाकलं. कप ठेवेपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ताई," ते कसेबसे म्हणाले, "श्वास घे गं."

तिनं तबकडीकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि बाहेर जाऊन मगच श्वास सोडला.