त्या वर्षी लेकरं आली नाहीत

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आमच्या लेकीपाशी, ज्योतीपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं — तिला तर नाहीच. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. मधेच अडखळलो तर थोडं थांबा.

माझी बायको कमल मागच्या उन्हाळ्यात गेली. पूर्णेत आमच्या भागात कुणालाही विचारा, तिच्याबद्दल सांगेल. बाळंतपणाला बाई अडली की दवाखान्याच्या रिक्षात तिच्याशेजारी कमल बसलेली. उन्हाळा लागला की स्टेशनाबाहेर रांजण मांडायची, त्यांना ओली पोती गुंडाळायची, रोज स्वतः पाणी भरायची. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिलं भाकरीचं टोपलं आमच्या घरून जायचं. तिच्या तेरवीला मांडवात बसायला जागा उरली नव्हती. एकेक जण उठून बोलला, आणि बहुतेकांनी शेवटी माझ्याकडं बघून तेच म्हटलं — काकांची साथ होती म्हणून काकूंना एवढं जमलं.

मी हात जोडले, मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारा रडायलाय. रडत होतोच की. पण मान खाली गेली ती दुसऱ्याच कारणानं.

कुठून सांगू? तिच्यापासूनच सांगतो.

ही रांजणाची, दवाखान्याची कामं तिनं नंतर धरली. तिचं पहिलं काम वेगळं होतं. कमल ताडकळसजवळच्या एका वस्तीवरची. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि ही त्यांच्याबरोबर. उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या मोळ्या वाहायच्या. उन्हाळ्यात गावी परत यावं तर शाळेत शिकलेलं सगळं पुसलेलं. असं होत होत तिची शाळा सुटली. बोलायची नाही कधी त्यावर. पण ज्योती पहिल्यांदा पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला लागली तेव्हा कमल चूल सोडून तिच्यामागं उभी राहिली होती, हे मला अजून दिसतं.

मी रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारा. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. एका वर्षी तिच्या माहेरची एक बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघण्याआधी भेटायला आली, लेकीला घेऊन. कमल तिला म्हणाली, "हिला कामून नेतीस फडात? ठेव माझ्यापशी. ज्योतीसंगं शाळंत जाईल, ज्योतीसंगं खाईल."

तिथून सुरू झालं. पुढच्या वर्षी आणखी लेकरं आली, मग त्यांच्या शेजारच्यांची. आईबाप ज्वारीचं पोतं आणून टाकायचे, डोळे पुसत टोळीला जायचे, आणि उन्हाळ्यापर्यंत आमची पडवी भरलेली. कमल त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायची, वेण्या घालायची, भाकरी थापता थापता पाढे म्हणून घ्यायची. तिला स्वतःला पुढचे पाढे येत नव्हते. लेकरांकडून ऐकून ऐकून तिनं पाठ केले. मंदा नावाची एक पोरगी तर चुकून तिला "माय" म्हणायची आणि मग जीभ चावायची.

आणि मी?

मला सुरुवातीला बरं वाटायचं. लोक रस्त्यात थांबवून चांगलं बोलायचे. पण ड्यूटीवरून घरी यावं तर पडवीत गलका, आत गलका. कमल ताट वाढायची आणि मी पहिला घास घेईपर्यंत उठून जायची — कुणाला ताप, कुणाचं भांडण. एकदा मी रेल्वेचा पास काढला. दोघांनी तिरुपतीला जायचं, लग्नानंतर कुठं गेलोच नव्हतो. ती म्हणाली, "लेकरांच्या परीक्षा होऊ द्या, मग जाऊ." परीक्षा झाल्या, पण तोवर पासाची मुदत गेली होती. मी काही बोललो नाही. न बोलणं मला फार चांगलं जमायचं.

मला माझी बायको हवी होती. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही. असतं तर बरं झालं असतं का? काय माहीत.

मग मंदा भाजली. वरणाचं पातेलं उतरवताना कमलच्या हातून सांडशी सुटली आणि गरम वरण पोरीच्या पायावर गेलं. कमलनं तिला उचलून उन्हात अनवाणी दवाखान्यापर्यंत पळत नेलं. पाय बरा झाला, थोडा डाग राहिला. मंदाची आई परत आली तेव्हा कमल तिच्या पाया पडायला गेली. त्या माउलीनं तिला उठवलं, म्हणाली, "माझ्यापशी असती तर काय भाजली नसती का?" विषय तिथंच मिटला होता. माझ्यासमोर मिटला होता — हे ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर मी ताडकळसच्या बाजारात गेलो. टोळीचा मुकादम आणि मंदाचा बाप चहाच्या टपरीवर भेटतील हे मला ठाऊक होतं. आणखीही आईबाप होते तिथं. मी बसलो, चहा सांगितला. आणि म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो मला — "कमलला आता झेपत न्हाई. डाक्टरनं लेकरांचा राबता बंद करा म्हणून सांगितलंय. पण तुमी तिला काई बोलू नका, मनाला लावून घेईल. आपली दुसरी सोय बघा."

कमलला काही झालेलं नव्हतं. धडधाकट होती.

मंदाच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकूंनी आमच्यासाठी लय केलं," म्हणाला. "आमच्याकडून शब्द जायचा न्हाई." माझ्या चहाचे पैसेही त्यानं मला देऊ दिले नाहीत.

इकडं कमलनं पडवी सारवली होती. गोधड्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. दिवाळी झाली. ती रोज दारात येऊन रस्त्याकडं बघायची. कुणी आलं नाही. मग एका सकाळी टोळीचा ट्रक आमच्या रस्त्यानं गेला. वर बिऱ्हाडं, कोयते, बाया — आणि सगळी लेकरं. मंदा फळीला धरून उभी होती. कमल दारात होती. ती पटकन आत सरकली, दाराआड. मी घरातून हे बघत होतो.

धुतलेल्या गोधड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "पोरीला भाजवलं मी. कोन ठेवील आता माझ्यापशी लेकरू?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "जाऊ दे. लोक असेच असतात."

त्या दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. ती उठली नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तुम्ही म्हणाल, खरं कधी बाहेर कसं आलं नाही? कसं येणार? त्या बाया बाजारात कमलला भेटायच्या, तब्येत विचारायच्या, आणि नजर चुकवून पुढं जायच्या. त्यांना वाटायचं, आजारी बाईला आपल्या अडचणी कशाला सांगा. हिला वाटायचं, मंदाच्या पायासाठी अजून रुसल्यात. दोन्हीकडं माया होती, आणि मधे मी.

कमल नंतर बाहेरच्या कामांत पडली. पण लहान लेकराला चुलीजवळ तिनं पुन्हा कधी येऊ दिलं नाही. ज्योतीची मुलगी रांगायला लागली, तेव्हाही कमल गॅसपासून लांब उभी राहून ओरडायची, "तिला घे ज्योती, माझ्यापशी नको ठिवू, माझ्या हाताचा भरवसा न्हाई." ज्योती हसायची. मला वाटायचं, आईची सवय म्हणून ती सोडून देते. मी उठून अंगणात जायचो.

शेवटच्या आजारात ती खरीच झिजली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "एक सांगा. मंदाच्या मायनं मला माफ केलं असंल का वो?"

मी चमचा वाटीत ठेवला. ओठांपर्यंत आलं होतं. मग वाटलं — सांगितलं तर ही माझ्याकडं कशी बघेल? शेवटचे दिवस होते तिचे, आणि मला भीती स्वतःची वाटली. मी म्हणालो, "केलं असंल की. पेज घे." तिनं डोळे मिटून घेतले. पेज नको म्हणाली.

तेरवीला मंदा आली होती. आता तिलाच मोठाली लेकरं आहेत, कोयत्यानं हातांना घट्टे पडलेले. पंगत उठल्यावर माझ्याजवळ बसली. म्हणाली, "काका, काकूंपशी राहिले असते तर मी लय शिकले असते. त्या वर्षी फडात गेले ते शाळा सुटलीच. पण माय म्हणायची, काकूंचा जीव आधी. त्यांना तरास द्यायचा न्हाई."

ज्योती शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, आई तेव्हा आजारी होती?"

कमलच्या फोटोपुढं उदबत्ती जळत होती. मी म्हणालो, "होती थोडी."

म्हणजे ती गेल्यावरही मी तेच केलं.

माफी मागत नाही. जिच्याकडं मागायची ती नाही, आणि मंदाकडं मागायची तर आधी तिला खरं सांगावं लागेल. ते मी अजून केलेलं नाही. कमल जाताना मनात एवढंच घेऊन गेली की तिच्या हातून एक पोर भाजलं आणि लोकांनी तिच्यावरचा भरवसा काढून घेतला. तसं नव्हतं. लोक तिला जपत होते. तिचा जीव राहावा म्हणून त्यांनी आपली लेकरं फडात नेली. हे तिला सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो तिच्या उशाशी वाटी धरून बसला होता.