श्रावण लागायच्या आत

सातासमुद्रापार मनुरेवा गावातले पुरुषोत्तम शेटे म्हणजे जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस. पुण्याहून इंजिनियर म्हणून आले, इथे त्या नावानं कुणी विचारलं नाही, तर बस चालवायला बसले आणि रिटायर होईपर्यंत बसूनच राहिले. घरातला सगळा आवाज बायकोच्या, शकुच्या वाट्याला. शकु रेवदंड्याची. ताटात मासा नसला तर जेवण झालं असं मानायची नाही. श्रावण मात्र कडक. महिनाभर फ्रिजमध्येसुद्धा मासळी ठेवू द्यायची नाही.

ट्राउटचा नाद पुरुषोत्तमांना डेपोतल्या मित्रांनी लावला. शकुनं पहिल्यांदा तो मासा उलटापालटा करून बघितला. "गोड्या पाण्यातला ना? मग तुमच्यासारखाच. दिसायला बरा, चवीला बेताचा." मग आलं-लसूण नि कोकमाचं आगळ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडला. तेव्हापासून तीच मागे लागायची, "अहो, नदीवर कधी जाताय?" या देशात ट्राउट विकायलाच बंदी. खिसा भरून गेलात तरी दुकानात मिळायचा नाही. आपण पकडावा, नाहीतर कुणी मायेनं दिला तर खावा.

यंदा आषाढात शकुला हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर "घरी न्या" म्हणाले, त्यात काय ते आलं. चमचाभर पेज पोटात गेली तर गेली. एका सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "श्रावण लागायच्या आत एक ट्राउट खाईन म्हणते."

झालं! दुसऱ्या दिवशी अमावस्या. पुरुषोत्तमांनी गळ, दांडी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार गाडीत टाकली आणि शेजारच्या हरीशला अंथरुणातून उठवलं. लेक जुई आईपाशी राहिली. इथेच जन्मलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच.

"बाबा, देअर्स हीप्स ऑफ रेन कमिंग."

"पाऊस काय मला नवा आहे? संध्याकाळपर्यंत येतो."

नदीकाठच्या तुरांगी गावी पोचले तर पाऊस आधीच येऊन बसलेला. एरवी तळाचे गोटे दिसावेत अशी ती टोंगारीरो नदी, दूध जास्त झालेल्या चहासारखी फुगून, झाडंच्या झाडं ओढत चाललेली. पुरुषोत्तम रबरी विजार चढवू लागले.

"काका, कुठे?"

"काठाकाठानं बघतो."

"काठ कुठाय तो आधी दाखवा. तुम्ही वाहून गेलात तर काकूंना सांगायला मी जाणार नाही. त्यांच्या शिव्या कोण खाणार?"

"शिव्या द्यायची ताकद तिच्यात असती, तर मी आलो असतो का रे?" म्हणाले आणि एक पाय विजारीत, एक बाहेर, तसेच गाडीच्या डिकीत बसून राहिले.

रात्र मोटेलात काढली. अमावस्या उजाडली, पाऊस कमी झाला, नदी काही उतरेना. डेअरीवर, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, ब्रेड घ्यायला गेले तिथे टामा नावाचा, इथल्याच मातीतला माओरी म्हातारा भेटला. किया ओरा म्हणून रामराम झाला, गप्पा झाल्या. कोपरानं ढोसत तो म्हणाला, नदीचा नाद सोड. लहानसा ओढा सरोवराला मिळतो तिथे जा. गढुळाला कंटाळून मासे नितळ पाण्यात येतात.

तिथे दोघं दिवसभर उभे. इथला आषाढ म्हणजे ऐन हिवाळा, गारठ्यानं पाय कुणाचे तेही कळेना. ऊन कलताना गळ ओढला गेला. पुरुषोत्तमांनी तो मासा बाळंतघरातलं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला.

फोन लावला. शकुचा आवाज कापसासारखा. "मिळाला?"

"मिळाला."

"केवढा?"

"तुझ्या हाताएवढा."

"माझा हात आता केवढा राहिलाय, अहो. मोठा सांगा काहीतरी."

आणि निघाले तर पुढे डोंगर रस्त्यावर आलेला. पोलीस हात आडवा करून उभा. रस्ता उद्याच उघडेल. हरीशनं त्याला अमावस्या समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तो बिचारा "सॉरी, मेट" याच्या पलीकडे काय बोलणार?

सकाळी घरी पोचले तेव्हा श्रावण लागलेला.

वाटेत पुरुषोत्तम एकच गोष्ट घोळवत होते. हे त्यांचं दरवर्षीचं भांडण. ते म्हणायचे, आपला दिवस आधी उगवतो, भारतात अजून सूर्य उगवला नाही, म्हणजे तिथे अमावस्याच आहे, खाऊन घे. ती म्हणायची, "माझ्या खिडकीतून उगवतो तो माझा सूर्य. तिकडचा तिकडच्यांना." की संपलं. इतक्या वर्षांत एकदाही ते जिंकले नव्हते. आज कसं जिंकायचं?

त्यांनी स्वतः मासा साफ केला, आगळ चोळलं, तव्यावर टाकला. ताटली घेऊन पलंगाशी गेले. शकुनं डोळे उघडले. खिडकीत चांगलं ऊन आलेलं.

"शकु, बघ हं, तिकडे अजून अमावस्याच आहे..."

एवढंच म्हणाले आणि थांबले, ती तोडेल म्हणून.

शकुनं उन्हाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "बरं," म्हणाली. "भरवा."

पुरुषोत्तमांनी ताटली पलंगाच्या कडेला टेकवली. वाटभर ते भीत आले होते की नाही म्हणेल. आता कळलं, नाही म्हणावं म्हणूनच ते आले होते. 'श्रावण संपल्यावर खाईन' म्हणणारं माणूस श्रावण संपेपर्यंत राहणार असतं.

"अगं, चिडत का नाहीस? श्रावण आहे," तेच म्हणाले. "ओरड की माझ्यावर."

"दमले हो," शकु म्हणाली. "काटे काढून द्या."

पहिला घास तिच्या तोंडात गेला तशी दारात उभी जुई टाळ्या वाजवत हरीशला सांगत होती, "शीज ईटिंग! फिश खातेय आई!" आई जेवतेय या आनंदात पोरगी चक्क मराठीत बोलली.

पुरुषोत्तम मान खाली घालून काटे काढत राहिले. एकही काटा दिसत नव्हता, तरी काढतच राहिले.